गायधनीने हात केला

किश्शांचं कुवेतच्या धुळीसारखं आहे. दारं-खिडक्या कितीही लावून घ्या, संध्याकाळी टीपॉयवर थर असतोच! आता ज्या देशात आगगाडीच नाही, तिथे आमच्या सालमियाच्या कंपूचे निम्मे किस्से एका रेल्वे स्टेशनचे असावेत? पण आहेत! कारण गायधनी.

गायधनी मूळचा नाशिकचा, इथे मीना अब्दुल्ला बंदरावरच्या रिफायनरीत इंजिनियर. कंपनीने एकदा तीन महिने ट्रेनिंगला स्कॉटलंडला धाडला, तो तिथल्या खेड्यातल्या एका स्टेशनच्या प्रेमातच पडून आला. एक फलाट, एक बाकडं! मेंढ्या आणि मासळी न्यायला बांधलं, तोट्यात म्हणून बंद पडलं, गावकऱ्यांनी भांडून पुन्हा उघडलं. आमच्या पोरांना शिवकाल इंग्रजीत समजवावा लागतो, हा इतिहास मात्र गायधनीमुळे त्यांना तोंडपाठ!

*

तिथे गाडी आपणहून थांबत नाही. फलाटावरून हात करायचा, मग थांबते.

"म्हणजे आपली 'हात दाखवा, एसटी थांबवा' की!" मी म्हटलं.

गायधनी आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

त्याचं खरं दुःख वेगळंच. तीन महिन्यांत त्याला एकदाही हात करता आला नाही. दर वेळी कुत्रं घेतलेली एक म्हातारी त्याच्या आधी हात करायची!

*

मीटिंगमध्ये फोन बघून याचा चेहरा पडला. इजिप्शियन साहेब घाबरले. "घरी सगळं ठीक?"

"सर, स्कॉटलंडची सकाळची गाडी अडकलीय. रुळांवर मेंढ्या!"

साहेबांनी गंभीरपणे मान हलवली. "इन्शाल्ला, उठतील."

*

सराव म्हणून हा सालमियाच्या रस्त्यावर हात करून उभा राहिला. दोन बस आणि चार टॅक्स्या थांबल्या!

"भाईसाब, जाना कहाँ है?"

"कहीं नहीं, प्रॅक्टिस है!"

*

"बाबा, इट्स जस्ट अ ट्रेन!" लेक इरा म्हणाली.

"जस्ट? इथे एक तरी दाखव!"

शेवटी त्याच्या बायकोने, शुभदावहिनींनी, स्वित्झर्लंडच्या ट्रिपवर पाणी सोडलं. "एकदाच जाऊ तुमच्या त्या स्टेशनवर. हात करा, गाडीत चढा आणि विषय संपवा!"

*

तो दिवस! आम्ही सगळे सालमियात माझ्या हॉलमध्ये व्हिडिओ कॉलवर. तिकडे फोन इराच्या हातात. दिवसाची शेवटची गाडी, आणि फलाटावर कोण? कुत्र्यावाली म्हातारी!

"गायधनी, म्हातारी!" आम्ही ओरडलो.

त्याने हातच जोडले. "आजीबाई, प्लीज, टुडे मी!" म्हातारी हसली, दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

वळणावर गाडी दिसली. गायधनीने हात केला. गाडीने शिट्टी दिली, वेग कमी केला आणि थांबली! अख्खी गाडी! आम्ही इतके नाचलो की इमारतीचा हारिस, म्हणजे वॉचमन, वर आला. मग तोही नाचला.

म्हातारी चढली, कुत्रं चढलं, बॅगा घेऊन वहिनी चढल्या, मागोमाग इरा. गायधनी मात्र गाडी नीट दिसावी म्हणून मागे मागे सरकत होता. दारं लागली. खिडकीतून गायधनी लहान लहान होत गेला, हात तसाच वर!

"आई! बाबा राहिले!"

वहिनींनी बूट काढले, समोरच्या सीटवर पाय पसरले.

"असू दे गं. आता येते ना त्यांना गाडी थांबवता? उद्याचीही थांबवतील!"