चहावर घेतलेला जबाब

उभी सर्व्हिस मी लोकांचे जबाब घेतले. माझा जबाब मात्र एकदाच घेतला गेला, तोही निवृत्तीनंतर, अमेरिकेत, कागदी कपातल्या चहावर. तो दिवस मी विसरू म्हटलं तरी आमची ही विसरू देत नाही.

आमची मुलगी ॲन आर्बरला विद्यापीठात शिकवते. माहिती-सुरक्षेचा नवा अभ्यासक्रम आखायचं काम तिच्याकडे होतं. आम्ही तिच्याकडे गेलो होतो. पहिली खबर खात्रीच्या खबऱ्याकडून, म्हणजे बायकोकडून आली: पोरीचं जेवणात लक्ष नाही, तिचा एक विषय समिती उडवणार आहे. माणसाला बोलतं करून गुपित कसं काढतात आणि आपण कसं सावध राहायचं, असा तो विषय. अध्यक्षांचं म्हणणं, या गप्पा झाल्या, कोड शिकवा. तरी त्यांनी एक संधी दिली. विद्यार्थ्यांनी एखाद्या सावध माणसाकडून नुसत्या बोलण्यातून पासवर्ड काढून दाखवावा.

सावध माणूस म्हणून मी हात वर केला. नको तिथे पुढे होण्याची खोड खात्यातलीच.

"बाबा, मुद्दाम हरायचं नाही हं," मुलीने बजावलं. मी शब्द दिला. मी जिंकलो तर तिचा विषय जाणार, हे माझ्या डोक्यात भाजी चिरताना आलं, तोवर उशीर झाला होता.

वर्गात लॅपटॉपला मीच पासवर्ड घातला. पहिला मुलगा बँकेचा साहेब बनून आला. मी उलट त्याचीच चौकशी केली, तो घामाघूम झाला. दुसऱ्याने धमकी दिली. धमकी कशी द्यायची असते, हे मी त्याला समजावून सांगितलं. मागे अध्यक्ष घड्याळ बघत होते. मुलीचा चेहरा उतरला होता, आणि मला जिंकण्याची लाज वाटू लागली होती.

मग नागपूरची एक विद्यार्थिनी आली. मराठीत म्हणाली, "काका, मला काही जमणार नाही. चहा घेता का?"

मला तिची कीव आली. तिने सहज पहिल्या पोस्टिंगचं विचारलं आणि मी सुटलो. घाट, दरोडेखोर, पाठलाग. ती नुसती "हो का?" म्हणत होती.

"गस्तीला एकटेच जायचात?"

"एकटा कशाला? बंड्या असायचा ना."

"बंड्या कोण?"

"आमच्या पोलीस ठाण्याचं कुत्रं. दरोडेखोर मला नाही, त्याला घाबरायचे."

तिने कप ठेवला, लॅपटॉप ओढला, बंड्याचं नाव टाइप केलं. लॅपटॉप उघडला.

अध्यक्षांनी विचारलं, कसं ओळखलंस? ती म्हणाली, बाकी सगळं काका छाती काढून सांगत होते, बंड्याचं नाव घेताना आवाज मऊ झाला.

विषय राहिला, तोही पहिल्याच वर्षाला. सगळ्यात जोरात टाळ्या आरोपीने वाजवल्या.

बाहेर आल्यावर मुलीला विचारलं, ही युक्ती तिला कुणी शिकवली? "तुम्हीच, बाबा. आरोपीला प्रश्न कमी विचारा, त्याला ज्याचा अभिमान आहे तिथे नेऊन बसवा. जेवताना सांगायचात. मी फक्त त्याला मार्क ठेवलेत."

माणूस गुन्हा लपवतो, पण कौतुकाची संधी सोडत नाही, हे मी कित्येक शिकाऊ फौजदारांना सांगितलं होतं. सांगताना स्वतःला तेवढं वगळलं होतं.

परतताना बसमध्ये मी आधी बँकेचा पासवर्ड बदलला. तिथेही बंड्याच होता. आता त्या नागपूरच्या मुलीला हिने जेवायला बोलावलंय. मी तोंड उघडणार नाही, असं घरात जाहीर केलंय. माझ्या मुलीने फक्त चहाचं आधण जास्त ठेवलं.