मारितचा कागद

कालव्याकाठच्या त्या शाळेत चौऱ्याऐंशी पोरं. रुल्फीन ओस्टिंगबाई रोज सकाळी सव्वाआठला दारात उभ्या राहून एकेकाचा हात हातात घ्यायच्या. हात गार लागला की पोर न खाता आलंय, ढिला लागला की घरात काहीतरी बिनसलंय, हे त्यांना उमगायचं. मुख्याध्यापिका झाल्यापासून अकरा वर्षं हा नेम चुकला नव्हता. संडासाची कडी निखळली तर स्वतःच पेचकस घेऊन बसायच्या. एखाद्या शिक्षिकेचा वर्ग हाताबाहेर गेला तर ओरडायच्या नाहीत, गुपचूप मागच्या बाकावर जाऊन बसायच्या. गावात म्हणायचे, बाईला कान दोन आणि तोंड अर्धंच.

वुब्स मास्तरांच्या वर्गात मात्र त्या अशा कधी बसल्या नाहीत. शाळेतला शेवटचा वर्ग एकतीस वर्षं मास्तरांकडे होता आणि बाईही त्यांच्याच हाताखाली, त्याच बाकांवर शिकलेल्या. तिथं नजर ठेवणं म्हणजे त्यांना बापाच्या ताटात डोकावल्यासारखं वाटायचं.

त्या देशात बाराव्या वर्षीच पोराची वाट ठरते: हातकामाची शाळा, मधली शाळा, नाहीतर विद्यापीठाकडे नेणारी. शिफारस वर्गशिक्षक लिहितो, खाली मुख्याध्यापक सही करतो. मार्चात परीक्षेचा निकाल आला आणि मास्तरांच्या वर्गातल्या फेन्ना कीर्सचे गुण मास्तरांच्या शिफारशीच्या दोन पायऱ्या वर निघाले. अशा वेळी शिफारस वाढवायची, नाहीतर कारण लिहायचं. मास्तरांनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं: वाढवणं मुलीच्या हिताचं नाही, घरी मदत करणारं कुणी नाही.

बाईंनी पेन उघडलं आणि थांबल्या. हे वाक्य आधी वाचलं होतं. उठून त्यांनी कपाटातले आपल्या अकरा वर्षांतले कागद उपसले. बटाट्याच्या कारखान्यामागच्या घरांच्या ओळीतून आलेली पोरं सतरा, त्यातल्या नऊ जणांच्या कागदावर हेच कारण. डॉक्टरच्या, बड्या शेतकऱ्याच्या पोरांच्या कागदावर एकदाही नाही. त्या नऊ कागदांतला एक सहा वर्षांपूर्वीचा, फेन्नाच्या थोरल्या बहिणीचा, मारितचा. गुण धाकटीपेक्षाही चांगले. मारित आता कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरचे बटाटे निवडते.

आणि नऊही कागदांखाली सही एकच, गोल, ठसठशीत. बाईंची.

दुपारी मास्तर आले. बाईंनी ते कागद त्यांच्यापुढं ठेवले. ते चिडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, त्या ओळीतली पोरं वरच्या शाळेत जातात आणि दोन वर्षांत रडत खाली येतात. तेवढं रडणं मी वाचवतो.

"मलाही वाचवलंत तुम्ही," बाई म्हणाल्या. "हातकामाच्या शाळेतून इथवर यायला मला सहा वर्षं जास्तीची लागली."

"पण पोचलीस ना? उलट कणखर झालीस."

"हेच मी स्वतःला सांगत आले, मास्तर. म्हणून तर डोळे मिटून सह्या केल्या."

मास्तर म्हणाले, फेन्नाचं बदल हवं तर, पण जुनं उकरू नकोस, माझं एकच वर्ष राहिलंय. बाईंनी फेन्नाचा कागद तिथंच बदलला. दुसऱ्या बोलण्याला त्यांनी ना हो म्हटलं, ना नाही.

कागद टपालानंही गेला असता. शाळा सुटल्यावर बाई सायकल काढून, तोंडावर वारा घेत, त्या ओळीतल्या चौथ्या घरी गेल्या.

फेन्नाच्या आईनं, यांतीन कीर्सनं, कॉफी ओतली, एक बिस्किट पुढं करून डबा बंद केला. "बाई घरला आल्या म्हंजी पोरीनं कुनाचं तरी नाक फोडलं," ती म्हणाली. मग हात पुसून तिनं कागद दोनदा वाचला आणि हसली. आमच्या घरात येवढं डोकं आलं कुठनं, म्हणाली. बाईही हसल्या. निघायला हीच वेळ बरी होती. कोट मांडीवरच होता.

"थोरलीला न्हाई जमलं बघा," यांतीन म्हणाली. "मी म्हनायची तिला, शाळा म्हनतीय तर तुझ्यात तेवढंच असंल."

बाईंनी कोट खुर्चीच्या पाठीवर ठेवला. "तिच्यात तेवढंच नव्हतं, यांतीन. फेन्नापेक्षा जास्त होतं. शाळेनं तिला खाली उतरवलं. सही माझी आहे."

मास्तरांचं नाव त्यांनी घेतलं नाही.

त्या गावात पाहुण्याला दुसरा कप विचारला नाही, असं होत नाही. यांतीननं बाईंचा कप उचलला आणि मोरीत नेऊन धुतला. पाठमोरीच म्हणाली, "सहा वर्सं झाली, ती सोताला ढ म्हनतीया. जेवताना. हसत हसत."

बाई उठल्या.

"बसा. साडेपाचला सुटती ती. मी न्हाई सांगनार. तुमी सांगा."

बाई बसल्या. मनात वाक्यं जुळवू लागल्या, तर प्रत्येकात ते 'हित' कुठूनतरी घुसत होतं. एकेक वाक्य टाकून दिलं. मागच्या भिंतीला सायकल टेकली. मारित आत आली, नखांत माती, कानांत अजून यंत्राची घरघर असल्यासारखी मोठ्यानं बोलत. बाईंना बघून तिनं शाळेच्या दारातल्यासारखा सवयीनं हात पुढं केला.

हात गार होता. बाईंनी तो धरला आणि सोडायच्या आधीच बोलायला सुरुवात केली.