मॉनिटरांचा मुराळी

"कोणाचं लेकरू रे तू?" बंद पडलेल्या मॉनिटरच्या डोक्यावर टपली मारून खाला विचारायची. तिला इंग्रजी वाचता येत नसे, म्हणून कंपनीचं नाव मी सांगायचो.

लातुरात क्लासेसचं पेव फुटलं, तसे गल्लोगल्ली कॉम्प्युटर आले आणि तितक्याच झपाट्यानं मेले. माझ्या कॉम्प्युटर क्लासातलेही खालाकडेच गेले. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात भंगाराचं दुकान टाकलेली ही बाई. वायरी जाळून तांबं काढता काढता तिनं छातीत खोकला भरून घेतला होता. लेक पहिल्या बाळंतपणाला घरी आली, तेव्हा तिच्यासाठीची खोली मॉनिटरांनी आढ्यापर्यंत भरलेली होती.

"आता फोडायचं न्हाई, जाळायचं न्हाई. लेकराच्या नाकात ह्यो धूर नको," खाला म्हणाली.

आपला जुना माल कंपनीनं परत घ्यावा असा कायदा आहे, असं मी सहज बोलून गेलो. झालं!

"लेकीला माहेरी न्यायला मुराळी येतो की न्हाई? मग ह्यांचा कुठं अडकला?"

मुराळी काही येईना. बहुतेक मॉनिटर एकाच कंपनीचे होते, मग तिनंच टेम्पो केला. प्रत्येक मॉनिटरला शेवंतीचा गजरा, पुढे हलगी! कंपनीच्या शोरूमच्या मॅनेजरनं हसत माल उतरवून घेतला, वर फोटोही काढून घेतला. आम्ही लढाई जिंकल्याच्या थाटात परतलो.

आठवड्याभरानं एक फेरीवाला भंगारवाला माल विकायला खालाच्या दारात हजर. तिनं ताडपत्री उचलली, तर खाली वाळलेले गजरे! मॅनेजरनं सगळे मॉनिटर त्याला विकून टाकले होते. मी हसून हसून भिंतीला टेकलो. खाला मात्र पेटली.

तिनं सगळा माल विकत घेऊन पुन्हा खोलीत भरला. दुसऱ्या दिवशी त्यातला एक मॉनिटर, लेक आणि मोहल्ल्यातल्या झाडून सगळ्या बाया शोरूममध्ये. लेकीला एसीखाली बसवून फुलं माळली, मिठाई वाटली.

"अहो, हे काय चाललंय?" मॅनेजर एसीतही घामाघूम.

"सतवासा हाय, साहेब. सातवा महिना लागला. माझी खोली तुमच्या लेकरांनी अडवली, आता बाळंतपण बी इथंच!"

त्यानं तिथल्या तिथं कंपनीला फोन लावला. मॉनिटर न्यायला कंपनीचा ट्रक थेट खालाच्या दारात आला. ड्रायव्हरला तिनं मुराळी म्हणून पोटभर शिरखुर्मा खाऊ घातला. बिचारा शेवटपर्यंत गोंधळलेला होता.

नात झाली. चुना मारलेल्या खोलीत पाळणा टांगला. पण खालाला अंगाईची एक ओळही पुरी म्हणता येईना. खोकल्याची उबळ यायची आणि पोर दचकून उठायची. मग तिनं पाळण्याची दोरी पार अंगणापर्यंत लांबवली. तोंडात पदर कोंबून ती बाहेर बसायची आणि झोका द्यायची.

खाला गेली त्या दिवशी अंगण माणसांनी भरलं होतं. दोरी उंबऱ्यावरून तशीच बाहेर आलेली. तिच्यावर पाय पडू नये म्हणून जो तो जपून आत जात होता.