काशीत सोडलेला वाल

काशीला गेलं की एक आवडती भाजी जन्मभरासाठी सोडायची, ही आमच्याकडची रीत. चार वर्षांपूर्वी भावकीतल्या बायकांबरोबर सासूबाई निघाल्या आणि सोबत म्हणून मीही गेले. गंगेत गुडघाभर पाण्यात उभं राहून, ओंजळीत पाणी घेऊन सासूबाईंनी वांगं सोडलं. आठवड्यातून चार दिवस ज्यांना भरलं वांगं लागायचं, त्यांनी.

"आत्या, आता भाकरीबरोबर खाणार काय?" मी विचारलं.

"आवडतं तेच सोडायचं असतंय गं. नावडतं काय, कुणीबी सोडतंय."

माझी पाळी आली तेव्हा मी वाल सोडला. वाल मला मुळातच आवडत नव्हता.

भाज्यांच्या बाबतीत माझी मतं पक्की आहेत. कारल्याच्या कुरकुरीत काचऱ्या कराव्यात, त्याचा रस्सा करू नये. भेंडी धुऊन पुसल्याशिवाय चिरू नये. दोडक्याला शेंगदाण्याचं कूट घातलं तर तो खाण्याजोगा होतो, नाहीतर नुसतं पाणी. वालाला मात्र माझ्याकडे काही उपाय नव्हता. उग्र वास, जाड साल, आणि सुक्या भाजीत दाताखाली आला की तोंडात भिजलेला कागद चावल्यासारखं वाटायचं. लग्न होऊन आल्यापासून मी तो ताटाच्या कडेला काढून ठेवत आले होते. म्हणजे काशीला मी काहीच न देता पुण्य घेऊन आले, असा माझा समज होता.

तो समज त्याच वर्षीच्या येळवसेपर्यंत टिकला. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्या भागात घराला कुलूप लावून सगळे शेतात जेवायला जातात. जेवणात बाजरीचे उंडे, आंबील, खीर असं बरंच असतं, पण माणसं जातात ती भज्जीसाठी. त्या दिवसांत शेतात जे हिरवं असेल ते भज्जीत पडतं. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, मेथी, चाकवत, कांद्याची पात, गाजर, आणि हे सगळं ताकात, डाळीच्या पिठात शिजवायचं. मला वर्षात एकच जेवण निवडायला सांगितलं तर मी हे निवडीन.

आदल्या दिवशी दुपारी कळंबच्या बाजारातून आणलेल्या शेंगा आम्ही तिघी सोलत बसलो होतो. सासूबाई, थोरली जाऊ आणि मी. तूर झाली, वाटाणा झाला. तिसरी पिशवी मी सुपात ओतली आणि हात थांबला. वालाच्या शेंगा. इतकी वर्षं मीच त्या सोलत होते, भज्जीत टाकत होते आणि वाटी चाटूनपुसून खात होते. पिठात विरघळलेला वाल मला कधी वाल वाटलाच नव्हता.

"औंदा वाल नाही घातला तर?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

जाऊ हसली. "वालाशिवाय भज्जी? मग पिठलंच म्हणा की तिला."

गुपचूप खाणं जमलं असतं. पण सासूबाईंनी वर्षभर लग्नातली वांग्याची भाजीसुद्धा बाजूला सारली होती, आणि मी त्यांच्याच पंगतीत बसणार होते. मी बिनवालाची भज्जी वेगळ्या छोट्या पातेल्यात करायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी शेतात दोन चुली मांडल्या. माझी भज्जी आधी शिजली. चव घेतली. आंबट होतं, तिखट होतं, दाणे मऊ होते, पण मधे काहीतरी रिकामं होतं. मीठ घातलं, पळीभर ताक घातलं, लसणाची फोडणी दिली. रिकामं ते रिकामंच. मग मोठ्या पातेल्याचं झाकण उचललं आणि वाफेबरोबर तोच उग्र वास आला, ज्याला मी इतकी वर्षं नाक मुरडत होते. तिथं तो मुळीच उग्र वाटत नव्हता. सगळ्या भाज्यांना त्यानंच धरून ठेवलं होतं.

"आत्या, असं कसं होतं? सुका वाल एवढा वाईट लागतो आणि इथं..."

"आंबटात शिजला की वाल माणसात येतोय. तू सुकी भाजी नीट शिजवत न्हाईस, अन् वर वालाला नावं ठेवतीस."

मग मी सांगूनच टाकलं. "मला आवडत नव्हता म्हणून मी तो सोडला होता."

"ठावं हाय. ताटाच्या कडेला काय निघतंय ते मला दिसत न्हाय व्हय?"

"मग तिथं का नाही बोललात?"

"म्हटलं, बघू कोण कुणाला फसवतंय." त्यांनी उंडा मोडला. "आता खरं सोडलंस तू."

जाऊ मोठ्या पातेल्यातली पळी घेऊन माझ्यासमोर आली. "घालू का थोडी? इथं शेतात कोण बघायलंय?"

मी वाटीवर हात धरला. पण डोकं चालूच होतं. "आत्या, पुढच्या साली माझ्या पातेल्यात पावटा घातला तर? तो काही वाल नाही."

"काशीत चोरी, अन् शेतात वकिली?" सासूबाई म्हणाल्या. "जेव मुकाट्यानं."

मी माझ्या पातेल्यातली भज्जी वाढून घेतली. सासूबाईंच्या पलीकडे वारा मोठ्या चुलीवरून येत होता तिथं बसले, म्हणजे मोठ्या पातेल्याचा वास तरी येत राहील.