लिंबांचा जानवसा

नव्वदच्या दशकात मी तिरल्याच्या शाळेत शिकवायचे. बसमधून उतरलं की पायवाट कागदी लिंबांच्या एका बागेतून जायची. तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराचं नाव मी कधी विचारलं नाही. डोक्याला लाल साफा, कानावर विझलेली बिडी आणि घाई म्हणून कसली ती नाही. सगळी बाग तो खुरपून लख्ख ठेवायचा, पण बांधाकडेची एक पट्टी तशीच सोडायचा. मला तो आळस वाटायचा.

एकदा बाग फुलावर असताना त्या पट्टीत बारीक बारीक भोकं दिसली. मुंग्या असतील असं वाटून मी चपलेने सहज माती लोटून ती बुजवली. म्हातारा चक्क धावत आला. गुडघे टेकून त्याने लिंबाच्या काट्याने एकेक भोक मोकळं केलं. एकातून मधमाशीच्या जातीची इवलीशी रानमाशी बाहेर आली आणि अंग झटकून फुलांकडे उडाली.

"बेनजी, यो जनवासो है," तो म्हणाला. "बरात याँ उतरी है. इनके रोकोगा तो म्हारा झाड़ कुँवारा रई जायगा."

मी वरमले. वऱ्हाड उतरतं तो जानवसा, हा शब्द आमच्याही घरातलाच. आणि मीच त्याचं दार लावलं होतं.

पुढे त्या बागेचे प्लॉट पडले. मागे देवासला भाच्याच्या लग्नात कुणीतरी विचारलं, "जानवसा कुठे आहे?" सगळ्यांनी हॉलच्या जिन्याकडे बोट दाखवलं. मी मात्र पायाखालची जमीन बघत होते.