दर महिन्याला मुरगळणारा हात

आमच्या सासरी विटाळ पाळत नव्हते, आणि या गोष्टीचा माझ्या सासूबाईंना फार अभिमान होता. आम्ही लिंगवंत. गळ्यात लिंग बांधलेल्या बाईला विटाळ कसला, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. शेजारच्या शेतकऱ्याच्या घरातली सून महिन्यातले चार दिवस बाहेरच्या पडवीत पोतं अंथरून बसलेली दिसली की सासूबाई मला म्हणत, "बघ, तुझं नशीब. आपल्यात असलं काय न्हाई." मी मान हलवायची. खरं सांगायचं तर पोत्यावर बसलेल्या त्या बाईचा मला हेवा वाटे. तिला चार दिवस जातं नव्हतं, आडाचा दोर नव्हता, चूल नव्हती. कुणी तिला शिवत नव्हतं, पण कुणी तिला उठवतही नव्हतं.

ही वालूरची गोष्ट. निजामाचं राज्य होतं आणि माझं वय असेल सतरा-अठरा. न्हाण आल्यावर सासरी नांदायला आले त्याला तीन वर्षं झाली होती. घरात सासूबाई, आमचे हे आणि मी, एवढेच. पण जेवणारी तोंडं घरच्यांपुरती कधीच नसत. आमचं किराण्याचं दुकान होतं, शिवाय कापसाची जमीन. दोन सालगडी घरी जेवत. कापूस निघाला की सेलूच्या जिनिंगला गाड्या जात, त्या पहाटे आमच्याच दारातून सुटत आणि गाडीवानांच्या भाकरी आमच्याच चुलीवर होत. त्यात महसुलाची तपासणी करणारा गिरदावर गावात उतरला, की त्याचे चपराशीही ताटावर. सासूबाईंच्या गुडघ्यात वात होता, त्यामुळे जातं माझ्याकडे, पाणी माझ्याकडे, भाकरी माझ्याकडे. दिवस वर आला की डोक्यावर भाकरीचं टोपलं घेऊन शेतात जायचं आणि तिथंच कमरेला ओट्याची झोळी बांधून कापूस वेचायला लागायचं. सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते मी खाई. पुष्कळदा भाकरी उरे आणि कालवण संपलेलं असे. मग मीठ-तिखट.

तीन वर्षांत कूस उजवली नव्हती. सासूबाई वाईट बोलत नसत, पण त्यांचं माहेर सोनपेठचं, आणि तिथं त्यांच्या भावाची मुलगी लग्नाची होती. त्या वर्षी दसरा झाला आणि त्या ह्यांना म्हणाल्या, "कापूस घरात येऊ दे. मग मी सोनपेठला जाऊन येते." कशाला, ते सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. मी भाकरी थापत होते. ह्यांच्याकडे पाहिलं, तर ते ताटाकडे बघून म्हणाले, "आई, तू म्हणशील तसं."

तव्यावरची भाकरी जळाली माझी.

आणि त्याच हंगामात माझा महिना चुकला. मग दुसराही चुकला. इतर घरांत असं झालं तर सगळ्या घराला कळतं, कारण बाई बाहेर बसत नाही. सासू बोटांवर दिवस मोजत असते. आमच्या घरात ते कळायला मार्गच नव्हता. मी आपली नेहमीसारखी दळत होते, पाणी ओढत होते. मला वाटलं, देव पावला. कोरड्या उलट्या नव्हत्या, डोहाळे नव्हते. होती ती भोवळ. आडावर दोर ओढता ओढता डोळ्यांपुढं काळं व्हायचं. चोळी अंगात सैल झाली होती. पण दिवस गेलेल्या बाईला भोवळ येते हे मी ऐकून होते, तेवढ्यावर मी विसंबले.

पडवीत बसणाऱ्या त्या शेजारणीला सांगितलं. ती माझ्याच वयाची, दोन लेकरांची आई, मला अक्का म्हणायची.

"मग सासूला का सांगंनास अक्का?" ती म्हणाली. "तिकडं ती सोनपेठची बैलगाडी जुंपायलीय अन् तू गप बसायलीस."

"अजून एक महिना जाऊ दे म्हणते."

"तंवर सवत येऊन तुझ्या चुलीवर चहा करंल."

ती हसली. मी हसले नाही. त्याच दिवशी सांजेला सासूबाईंना सांगून टाकलं.

सासूबाईंनी हातातलं निवडण बाजूला ठेवलं. मग उठल्या, देवाजवळचं भस्म आणून माझ्या कपाळाला लावलं आणि म्हणाल्या, "उद्यापास्नं जात्याला हात लावायचा न्हाई. दळणाचा धक्का पोटात जातो." दुसऱ्या दिवशी त्यांनी गावातली एक विधवा बाई दळणा-पाण्याला ठेवली. शेत बंद झालं. मला दुधाची वाटी मिळू लागली, शेंगदाण्याचा लाडू मिळू लागला, ताटात कालवण पुरेसं येऊ लागलं. सोनपेठचं नाव निघेना. दुपारी मी आडवी झाले तरी कुणी हाक मारत नसे. तीन वर्षांत पहिल्यांदा माझे तळहात मऊ पडले.

महिना-दीड महिना असा गेला. आणि एका सकाळी परसात गेले तर लुगड्याला डाग.

त्या डागाकडे बघतच मी उभी राहिले. पहिला विचार आला, पोर गेलं. पण पोर जातं तेव्हा बाई कशी तळमळते हे मी माझ्या आईचं पाहिलं होतं. मला तसलं काही होत नव्हतं. चार दिवस नेहमीसारखे आले, नेहमीसारखे गेले. मग दुसरा विचार आला, आणि तो पहिल्याहून भयंकर होता. पोर नव्हतंच.

मी लपवलं. आमच्या घरात लपवता येत होतं, तेच तर. शेजारणीला एका तासात पकडलं असतं. मला कुणी काही विचारलंच नाही. धुणं मी ओढ्यावर सगळ्यांच्या आधी जाऊन धुई आणि घरी आणून गोवऱ्यांच्या ढिगामागं वाळत घाली. दुधाची वाटी समोर आली की घशाखाली उतरत नसे, कारण ते दूध माझं नव्हतं. जे नाही त्याचं होतं. सासूबाई माझ्या पोटाकडं बघत. मी पदर पुढं ओढून बसे, थोडी वाकून चाले. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच झालं. आता चार महिने झालेत असं सगळे धरून चालले होते, आणि सासूबाईंनी माझ्या माहेरी निरोप धाडला, की चोळी घेऊन या.

आई हिरवी चोळी घेऊन येणार, पाच बायका ओटी भरणार, आणि माझ्या पोटात काही नाही. आडाकडं बघताना मनात नको ते येऊन जाई. लिहिते आहे तर खरं तेच लिहिते.

शेजारणीला पुन्हा सांगितलं. ती या वेळी हसली नाही. "सासूला सांग," म्हणाली.

"जीव घेतील माझा."

"जीव न्हाई घेत कुणी. सवत आणतील." मग माझं तोंड बघून तिलाच वाईट वाटलं. "दाईला गाठ अक्का. ती समद्या गावाचं जाणती."

पण दाईला मी गाठण्याआधी सासूबाईंनीच तिला बोलावलं, पोट बघायला. ती मुसलमान, वयानं सासूबाईंएवढी. सगळं गाव तिला खाला म्हणायचं. अर्ध्या वालूरची नाळ तिनं कापली होती. तिनं मला माजघरात आडवं केलं, दार लोटलं, पोटावर हात ठेवला. हात गरम होता.

"महिना कधी आला?" तिनं हळूच विचारलं.

मी रडायलाच लागले.

"रोना नको बेटी. विचारलं ते सांग. त्याच्या आधी किती दिवस बंद होता?"

"तीन महिने असंल."

"तवा दळण किती होतं रोजचं?"

"दोन पायल्या. कधी जास्त."

"अन् पाणी?"

सांगितलं. शेताचंही सांगितलं, आणि मीठ-तिखट भाकरीचंही. ती एकेक बोट दुमडत ऐकत होती. मग उठून दार उघडलं आणि सासूबाईंना आत बोलावलं. मी तिचं लुगडं धरलं, सांगू नको म्हणून. तिनं माझी मूठ सोडवली.

"पोटात काय न्हाई," ती म्हणाली. "कधी नव्हतंच. ही वाळली होती. अंगात रगत न्हाई तर महिना कुठून येणार? तुमी महिना-दीड महिना बसवून खायला घातलं, तर परत आला."

सासूबाई खाली बसल्या. माझ्याकडं बघितलं. ती नजर मला आजही नको वाटते. "खोटं बोललीस?"

"तिला ठाऊक नव्हतं," दाई म्हणाली. "बाई, तुमच्या दारात म्हैस हाय. दोन साल वैरण कमी पडली तर माजावर येती का? तवा म्हशीला कसाई दाखवता, का वैरण टाकता? मग ही तर माणूस हाय."

"मी बी दळलंच की जन्मभर. मला न्हाई झालं पोर?"

"झालं. एकच झालं. अन् किती वर्सांनी झालं ते मला ठाऊक हाय, मीच होते."

दुकानातून ह्यांचा तागडीचा आवाज येत होता.

मग दाईनं सांगितलं, की खाणं असंच चालू द्या, दळणाला ती बाई राहू द्या आणि निदान महिन्याचे चार दिवस हिला कशालाच हात लावू देऊ नका. इतर घरातल्या सुना बसतात तशी बसू द्या.

सासूबाईंचा चेहरा बदलला. "आमच्यात विटाळ न्हाई."

"मी कुठं विटाळ म्हणायले? बसू द्या म्हणायले."

"मठाचे स्वामी काय म्हणतील? लिंगवंताची सून कोपऱ्यात बसली म्हणतील."

"ते तुमी अन् तुमचे स्वामी बघा," म्हणून दाई गेली. सुपारीसुद्धा घेतली नाही.

माहेरी माणूस पाठवून सासूबाईंनी चोळीचं थांबवलं. काय कारण सांगितलं ते मला कधी कळलं नाही. दुसऱ्या सकाळी फक्त एवढं म्हणाल्या, "पुढचा कापूस निघंपर्यंत. त्याच्या पुढं मला कुणी काय बोलू नका."

म्हणजे एक वर्ष. माझ्या गळ्याभोवती ते वर्ष दाव्यासारखं बसलं.

दळणाची बाई तर पेरणीच्या दिवसांत निघून गेली, तिला शेतावर काम मिळालं. जातं पुन्हा माझ्यापुढं आलं. पण महिन्याचे चार दिवस आले, मी सासूबाईंच्या कानात सांगितलं, आणि त्यांनी काय केलं असेल? त्यांनी एक जुनी चिंधी घेऊन हळदीत भिजवली, माझ्या उजव्या मनगटाला बांधली आणि स्वतः दुखरे गुडघे मोडून जात्यावर बसल्या. शेजारपाजारच्यांना सांगितलं, सुनेचा हात मुरगळलाय. पुढच्या महिन्यात पुन्हा मुरगळला. त्याच्या पुढच्या महिन्यातही.

एकदा स्वामी भिक्षेला आले आणि दारातच थांबले. "अव्वा, सूनबाईचा हात दर महिन्याला कसा काय मुरगळतो?"

"हाडच तसं हाय स्वामी, माहेरचं," सासूबाई म्हणाल्या, आणि ओंजळभर पीठ त्यांच्या झोळीत टाकलं. स्वामी हसले की काय मला दिसलं नाही. मी मनगट पदराखाली घेऊन बसले होते.

कापसाला बोंडं धरायच्या सुमाराला माझा महिना पुन्हा चुकला.

आता तुम्ही म्हणाल, आनंद झाला असेल. छे. मला घामच फुटला. हे काय आहे? पोर आहे, की मी पुन्हा वाळले? दोन्हीची सुरुवात एकसारखीच, आणि मी एकदा फसलेली. पुन्हा सांगितलं आणि पुन्हा काही नसलं, तर वर्ष संपायचीही कुणी वाट बघणार नव्हतं. म्हणून मी कुणालाच सांगितलं नाही, शेजारणीलासुद्धा नाही. तारीख आली की सासूबाईंच्या कानात सांगायची, "आत्याबाई, आलं." त्या चिंधी बांधायच्या आणि जात्यावर बसायच्या. मी कोपऱ्यात बसून मनात म्हणायची, असलंस तर तुझ्यासाठी आहे हे, आणि नसलंस तर माझ्या रक्तासाठी आहे. त्या म्हाताऱ्या बाईला मी चार महिने खोटं सांगून दळायला लावलं. पाप वाटे, आणि तरी पुढच्या महिन्याला तोंडातून तेच निघे.

कापूस वेचायला आला. सोनपेठहून एक माणूस येऊन सासूबाईंशी ओसरीवर बोलून गेला. मुलीकडचे थांबायला तयार नव्हते, एवढं कानावर आलं.

त्यानंतर दोनच दिवस झाले असतील. चिंधी बांधून मी भिंतीला टेकले होते, सासूबाई घरघर दळत होत्या. आणि पोटात डाव्या बाजूला काहीतरी सरकलं. मी श्वास धरला. पुन्हा सरकलं, आतून कुणी बोट फिरवावं तसं.

"आत्याबाई," मी म्हणाले.

त्यांनी खुंटा सोडला. मी त्यांचा पिठाचा हात ओढून पोटावर ठेवला. त्यांना काय लागलं काय नाही, पण त्यांना कळलं. माझ्या मनगटाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"किती महिने?"

"चार होऊन गेले."

"अन् मी ह्या गुडघ्यांनी कुणासाठी दळायले व्हते मग?"

मला वाटलं, आता मारतील. त्या हात तसाच ठेवून बसल्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते, मंत्र म्हणत होत्या बहुतेक. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "सोनपेठला निरोप धाडावा लागंल. पोरीचं दुसरीकडं बघा म्हणून."

मी उठायला लागले, ह्यांना दुकानातून बोलवावं म्हणून. त्यांनी मला खाली दाबलं.

"थांब," म्हणाल्या. "आधी अजून एकदा हलू दे."

अर्धवट दळलेल्या ज्वारीपुढं आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, हलायची वाट बघत.