बिनमाशांची टाकी

बाबा आमच्याकडे राहायला आले ते थोडे दिवस म्हणून. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात बॉयलरचं पाणी तपासण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं. आई त्याआधीच गेली होती. पण जुन्या वसाहतीजवळ एक भाड्याची खोली त्यांनी हेरून ठेवली होती. तिथं एकट्यानं राहायचं आणि डबा लावायचा, असा बेत. "लेकीच्या घरी किती दिवस राहावं माणसानं, जावईबुवा?" असं ते माझ्या नवऱ्याला विचारायचे, आणि तो बिचारा माझ्याकडे बघायचा.

मला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं. त्या खोलीत एकटेच जेवणारे बाबा सारखे माझ्या डोळ्यांपुढे यायचे. पण सक्करदऱ्याच्या आमच्या घरात ते राहत ते पाहुण्यासारखे. भाजीत मीठ विसरलं तरी "मस्त झाली". पंखा बंद असला तर घाम पुसत बसतील, पण बटन दाबणार नाहीत. सासूबाईही काही कमी नव्हत्या. व्याही म्हणून रोज डोक्यावर पदर घेऊन वाढायच्या, वर पापड तळायच्या. "घ्या ना", "नको जी", "घ्या ना थोडं", एवढाच दोघांचा संवाद. त्या सभ्यपणात माझा जीव गुदमरायचा.

तेवढ्यात नवऱ्यानं काचेची टाकी आणली. हिंगण्याच्या त्याच्या कंपनीतल्या एकाची बदली झाली होती. त्यानं मासे कुणाला तरी देऊन टाकले आणि टाकी याच्या गळ्यात मारली. ती मांडीवर घेऊन हा कंपनीच्या बसनं घरी आला. मी म्हटलं, रविवारी मासे आणू. बाबांनी चष्मा लावला, टाकी सगळीकडून पाहिली.

"मासे मंग. आधी पाणी तयार होऊ दे. मासे सोडतो अन् मग मी निघतो."

म्हणजे मुदत ठरली. पाण्या, सावकाश तयार हो रे बाबा, असं मी मनातल्या मनात म्हटलं.

बाबांनी टाकीतले खडे तांदूळ धुवावेत तसे धुतले, वरचं पाणी नितळ येईस्तोवर. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जावं म्हणून बादल्या गच्चीवर मांडल्या. टाकी भरून फिल्टर सुरू केला, आणि त्या रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकायला लागले.

"मासे नाहीत अन् जेवण कोणाले वं?" सासूबाई स्वयंपाकघरात मला कुजबुजत विचारायच्या. व्याह्यांना थेट विचारणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं.

मला बाबांनी समजावलं होतं. खाद्य कुजतं, त्यातून अमोनिया होतो, आणि तो माशांना मारतो. पण तोच अमोनिया खाणारे जिवाणू हळूहळू फिल्टरच्या स्पंजात घर करतात. ते पुरेसे झाले की मासे सोडायचे. रोज सकाळी बाबा काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचे, औषधाचे थेंब टाकायचे आणि उजेडात धरून रंग बघायचे. हिरवा असला तर अमोनिया आहे, पिवळा झाला तर गेला. शेजारणी येऊन बिनमाशांची टाकी बघून जायच्या आणि काय बोलावं ते न कळून चहा पिऊन जायच्या. बाबा मात्र नोकरीवर परत घेतल्यासारखे खूश. हिरवा रंग पिवळ्याकडे सरकत गेला, स्पंज मातकट झाला आणि इकडे माझा चेहरा उतरत गेला.

मग दिवाळीची साफसफाई निघाली. बाबा फिरायला गेलेले, आणि सासूबाईंची नजर त्या मातकट स्पंजावर पडली. व्याह्यांच्या टाकीत एवढा मळ! ते परत यायच्या आत त्यांनी स्पंज निळ्या साबणानं घासला, खडे उपसून धुतले आणि टाकीत नळाचं ताजं पाणी भरलं. सगळं कसं लख्ख झालं. मी बाजारातून आले तेव्हा त्या काच पुसत होत्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून बाबा आले.

"काय केलं हे! सारं मारून टाकलं! काहून हात लावला माह्या टाकीले?"

व्याही विहिणीवर ओरडला होता. संपलंच, मला वाटलं, आता हे दुपारच्या बसनंच जातात.

सासूबाईंच्या डोक्यावरचा पदर घसरला. तो सावरायचा सोडून त्यांनी कमरेला खोचला.

"माह्यावर कायले ओरडून राहिले? तुम्ही नाही धुतले खडे घासू घासू? तवा नाही मेलं काही? घाण दिसली, धुतली!"

"घाण नव्हती ते, विहीणबाई! विरजण होतं!"

"मंग सांगाले काय झालं होतं? 'मस्त झाली' याच्याबिगर शब्द येते का तुम्हाले? काल भाजीत मीठ नव्हतं, तरी मस्त!"

"नव्हतंच मीठ! परवाही नव्हतं!"

दोन्ही भाज्या माझ्या होत्या, पण ते कबूल करायची ही वेळ नव्हती. मी रडवेली होऊन म्हटलं, "बाबा, असं रागानं जाऊ नका ना."

बाबा माझ्याकडे वळले. "कोण जाऊन राहिलं? पाणी नासवलं यायनं, अन् घर सोडू मी? काहून?"

"जाऊन तर पाहा!" सासूबाई म्हणाल्या. "उचला त्या बादल्या अन् चला गच्चीवर."

दोघं भांडत भांडत जिना चढले. बादलीत पाणी किती घ्यायचं यावरून वर पुन्हा जुंपली. मी ओट्याला टेकून हसत होते, आणि डोळ्यांतलं पाणी काही केल्या थांबत नव्हतं.

संध्याकाळी बाबांनी पंख्याचं बटन दाबलं, ऐसपैस बसले आणि खापरखेड्याच्या खोलीवाल्याला फोन लावला.

"खोली दुसऱ्याले देऊन टाक गा," ते म्हणाले. "आमच्या घरी खूप काम निघालं."